एका पानात भागलं असतं

पुणे, ३१ ऑगस्ट १९८३

भुजलीले,

बी पोहोचलं, मी पण पोहोचली. नागपूरपासून पुण्यापर्यंत फडकं मांडीवर घेऊन बसली होती. समोरच्या बाईनं विचारलं, "लेकरू झोपलं का?" मी म्हटलं, "हो, मैत्रिणीचं आहे." तिनं वाकून पाह्यलं, धान दिसलं, मग दौंडपर्यंत माझ्याशी बोलली नाई.

दिवसभर इथं 'मला-तुला' करून जबडा दुखते वं. तुले लिहाले बसली की मोकळं वाटते. पाकिटावर टिकाराम भाऊजींचं नाव पाहून ते हसले असतील. हसू दे. सातवीत असताना, राखीच्या दुसऱ्या दिवशी, आपण बोडीच्या तळ्यावर एकमेकींच्या कानावर पिवळे कोंब खोवले, गळाभेट घेतली न भुजली झालो. तेव्हापासून मी तुझं नाव तोंडानं घेतलं नाई, हातानं लिहिलं नाई. भुजली एकमेकींचं नाव घेत नाईत, हे पुण्याच्या पोस्टात कोणाले समजावू? म्हणून तुझी पत्रं भाऊजींच्या नावानं.

एक गोष्ट टोचून राहिली म्हणून लगेच लिहून राहिली. मी बी मागितलं ते नेमकं भुजलीच्या दिवशी, तुझ्या कानावर कोंब खोवता खोवता. त्या दिवशी मागितलेल्याले नाई म्हणत नाईत, हे मले माहीत होतं. आदल्या दिवशी मागितलं असतं तर तुझ्या सासूनं, कुंताबाईंनी, मले उंबऱ्यावरूनच वाटेले लावलं असतं. तू ढोलीतलं, त्या बांबूच्या कणगीतलं, राखीव बी काढलं न अर्धं माझ्या फडक्यात ओतलं. "एवढं बी घराबाहेर कधी गेलं नाई," असं कुंताबाई म्हणाल्या. मी ऐकलं नाई असं दाखवलं. ऐकलं होतं.

आंबागडात आता बुडगी धान तुझ्याशिवाय कोणाकडे उरली नाई. साऱ्यांनी सरकारी बियाणं धरलं. पण तुझी धानाची बांधी बोडीच्या पोटात, तिथं दुसरं काई टिकत नाई. आठ-आठ दिवस पाण्याखाली राहून पुन्हा मान वर काढणारं धान आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनीही पाह्यलं नाई. मी सांगितलं तर म्हणाले, "आणा, पाहू."

काय करणार ते सोपं करून सांगते. प्रत्येक जिवात एक बारीक धागा असते, त्याले डीएनए म्हणतात. उंच व्हायचं का बुटकं, पाण्यात मरायचं का जगायचं, ते सारं त्याच्यात असते. हा धागा बुडगीतून काढायचा, साफ करायचा, दुसऱ्या धानाच्या धाग्याशी ताडून पाहायचा. त्याले थोडं बी लागेल. बाकीचं इथल्या शेतावर लावते न पुढच्या वर्षी दुप्पट करून देते. हा भुजलीचा शब्द आहे.

तुझी रंभी शाळेत जाते ना? तिले सांगजो, मावशी विचारत होती.

तुझी भुजली


पुणे, १२ जानेवारी १९८४

भुजलीले,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बोडीची पाळ फुटली, लोंब्यांवर आलेलं धान रेतीखाली गेलं. ते कमी होतं म्हणून की काय, घरात पाणी शिरलं, ढोली भिजली न राखीव बियाले कोंब फुटले. तू लिहिलं, "बरं झालं तुह्याकडं अर्धं ठेवलं." हो वं, बरं झालं. तू जीव लहान करू नको. डबा माझ्या टेबलाखाली आहे. अजून अर्ध्याच्या वर भरून आहे.

म्हणजे थोडं कामात गेलं, ते जाणारच होतं. इथलं शेत मुरमाड निघालं, म्हणून अजून लावलं नाई. उन्हाळ्याच्या आधी पाहू.

तुझं मन दुसरीकडे लागावं म्हणून इथली गंमत सांगते. धागा साफ करायच्या दोन रीती आहेत. पहिली मोठी. तिच्यात फिनॉल लागते. हातावर पडलं तर कातडी पांढरी होऊन सोलून निघते, माझ्या डाव्या अंगठ्याले विचार. मग एक महागाचं मीठ घालून मशीनमध्ये दोन दिवस गरगर फिरवायचं. धागा मधोमध पट्टा धरून उभा राहते. फार देखणं दिसते. पण या रीतीले माल लागते, पसा-पसा कोंब एका खेपेले.

दुसरी रीत नवीन, बाहेरच्या लोकांनी तीन-चार वर्षांआधी काढली. साबणासारखी एक पावडर गरम पाण्यात, तिच्यात कुटलेलं पान, की झालं. आमच्याकडे कुसुमताई म्हणून आहेत, वीस वर्षांपासून प्रयोगशाळेत सामान लावतात, शिकलेल्या मॅट्रिक. त्यांनी कुठल्याशा कागदावर ही रीत वाचली न मले करून दाखवली. एका पानात. म्हणाल्या, "कौशल्या, अगं एका पानात भागतं. झाड उभं राहतं, आपलं कामही होतं."

पण त्यांचा धागा जरासा पिवळट निघाला. शुद्धपणाचा एक आकडा असते, तो एक पूर्णांक आठ यायले पाहिजे. कुसुमताईंचा आला एक पूर्णांक सहा. मी म्हटलं, "ताई, हे वरण झालं, डीएनए नाई." सारे हसले. त्याही हसल्या. साहेब म्हणाले, "मोठी रीत धरा, परिषदेत कोणी बोट ठेवायला नको." माझ्याही मनात तेच होतं. आंबागडची पोरगी आली न एका पानाचा काढा करून गेली, असं कोणी म्हणायले नको होतं मले.

आता खरी गंमत ऐक. हिरव्या पानाचा धागा चिकट न काळपट निघते. दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेले मले आपली भुजली आठवली. टोपलीत माती घेतली, बी टाकलं, कपाटात अंधार करून ठेवलं, रोज ओंजळभर पाणी शिंपडलं. आठव्या दिवशी हळदीसारखे पिवळे कोंब! रंग नाई, चिकटा नाई. साहेब म्हणाले, "ही युक्ती कोणत्या पुस्तकात वाचली?" मी म्हटलं, "आंबागडच्या." दिवसभर मान ताठ करून फिरली.

जूनच्या आत बी पाठवते. काळजी करू नको.

तुझी भुजली


पुणे, ४ जून १९८४

प्रिय भुजली,

तुझं पत्र मिळालं. मृगाच्या आधी बी हवं असं तू कळवलंस, त्याप्रमाणे सोबतच्या पार्सलने बी पाठवत आहे. इथली जमीन मानवली नाही, त्यामुळे कबूल केल्याप्रमाणे दुप्पट करता आलं नाही. जेवढं जपून ठेवता आलं तेवढं सगळं पाठवलं आहे. पुण्याच्या कोरड्या हवेमुळे दाण्याचा रंग थोडा वेगळा वाटला तर शंका घेऊ नये.

कामाची फार गडबड आहे, म्हणून इथेच थांबते. सर्वांना नमस्कार.

तुझी भुजली


पुणे, २० ऑक्टोबर १९८४

भुजलीले,

चार पत्रं टाकली, तुझं एक नाई. दिवाळी तोंडावर आली. आता माझ्याच भावाकडून, जागेश्वरकडून, कळलं ते लिहून राहिली. बोडी भरली, धान आठ दिवस पाण्याखाली राह्यलं न पाणी उतरलं तर सारं सडून चिखलाले चिकटलं होतं. टिकाराम भाऊजी चिखला गावच्या खाणीवर मजुरीले जाऊन राहिले म्हणे. आणि तू दुसऱ्याच्या बांधीत कापणीले. रंभीची शाळा सुटली.

मले लय वाईट वाटलं. पण एक सांगू? बुडगी असली म्हणून काय झालं, तिलेही काई मर्यादा असते का नाई? यंदा पाणी जास्त दिवस थांबलं असेल. गढूळ असेल. बी एक वर्ष डब्यात राह्यलं, त्याचीही ताकद कमी होते. पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. मी मुद्दाम काढून वाचलं. दोष कोणाचा म्हणून धरायचा, पाण्याचा? पाळ फुटली तेव्हा मी होती का तिथं?

हे काहून लिहून राहिली मी. तुझं पत्र आलं नाई म्हणून डोकं फिरलं आहे. तू बोलली नाई तर मले वाटते तू काईतरी बोलून राहिली.

जागेश्वरनं आणखी एक सांगितलं. आठही दिवस तू रोज बोडीवर जाऊन उभी राहायची म्हणे. पाण्यात काई दिसत नव्हतं, तरी. आपली बुडगी नवव्या दिवशी मान वर काढते हे तू मले दाखवलं होतं, आठवते? दहा वर्षांच्या असू. मी म्हटलं होतं, मेलं सारं. तू म्हटलं होतं, थांब.

एक ओळ लिहून पाठव. शिव्या लिही, पण लिही.

तुझी भुजली


पुणे, ६ मार्च १९८५

भुजलीले,

तू वाचते का फाडते माहीत नाई. तरी कळवते. मागच्या आठवड्यात परिषद झाली. मी बुडगीच्या धाग्याचा फोटो दाखवला. एक पूर्णांक आठ. सभागृहात टाळ्या पडल्या. साहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एवढा शुद्ध नमुना धानाचा मी पाहिला नव्हता." त्याच्यात पुरात जगवणारं काय आहे ते मात्र कोणाले सापडलं नाई. कुठं पाहायचं हेच अजून कोणाले माहीत नाई, तर सापडेल कुठून.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले, ओडिशाकडले. त्यांनी एकच विचारलं, "ह्या धानाचं बी कुठं मिळेल?"

मी म्हटलं, "गावात आहे. माझ्या मैत्रिणीकडे."

ते म्हणाले, "फार छान. सांभाळा त्यांना."

मंचावरून उतरून मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. कुसुमताईंनी पाणी दिलं.

तुझी भुजली


पवनी, १७ जुलै १९८८

भुजलीले,

पुणं सोडलं. या जूनपासून पवनीच्या कॉलेजात शिकवते. खोलीतून वैनगंगा दिसते. आंबागड आता एका दिवसाच्या एसटीवर आहे, म्हणून आता खोटं बोलणं जमत नाई. हे पत्र घरात कोणीही वाचू दे. रंभीनं मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

चौऱ्यांशीच्या जूनमध्ये मी पाठवलेलं बी बुडगीचं नव्हतं.

लिहिलं. आता बाकीचं लिहिता येईल.

तुझं बी असं संपलं. दोन खेपा हिरव्या पानांत गेल्या, ते तुले लिहिलं होतं. त्यानंतर डब्याले बुरशी आली, ते लिहिलं नव्हतं. आपल्या घरी धानात कडुनिंबाचा पाला घालतात. मी घातला नाई, कारण प्रयोगशाळेत डब्यात पाला कोण ठेवते? तिसऱ्या खेपेले मशीनमध्ये नळी फुटली, सारे पिवळे कोंब वाया गेले. चौथ्या खेपेले आकडा आला एक पूर्णांक सात. भल्ला चांगला आकडा आहे तो, भुजली. तिथं थांबायले काय झालं होतं मले? पण मले आठ पाहिजे होता.

मग डब्यात दोन ओंजळी उरल्या. त्या मी शेवटच्या टोपलीत टाकल्या. सगळ्या. मूठभर मागे ठेवावं, एवढंही सुचलं नाई. नाई, हेही खोटं. सुचलं होतं. मूठ काढून ठेवली न मग माल कमी पडेल म्हणून तीही टाकली.

आणि आता जे लिहिते ते चार वर्षांत मी माझ्या आईलेही सांगितलं नाई. तुझं "बी पाठव" म्हणून पत्र आलं तेव्हा ती टोपली कपाटात होती. कोंब जिवंत होते. चार बोटं उंच, पिवळेधमक. तुझं पत्र टेबलावर ठेवून मी कपाट उघडलं. दोन दिवस उन्हात ठेवले असते तर हिरवे झाले असते. शंभर जरी रोवले असते तरी कार्तिकात तुझ्या घरी बुडगीचं बी आलं असतं. एक वर्ष तुझी बांधी रिकामी राह्यली असती, बस. मी उभी राहून हे सारं मोजलं. मग परिषदेले आकडा कळवायची तारीख आठवली. कपाट लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कैचीनं कापले.

आपल्याकडे भुजली कैचीनं कापत नाईत. पाण्यात उतरून, माती धुऊन, हळूच मोकळी करतात. कैची लावताना मले ते आठवलं होतं.

त्या खेपेले एक पूर्णांक आठ आला.

मग तुले काय पाठवायचं? संस्थेच्या बियाच्या कोठारात गेली. दोन दिवस शोधलं. तसंच तांबूस टरफल, दाण्याच्या टोकाले तशीच काळी मिशी असलेलं एक वाण सापडलं. पिशवीत भरलं, "जपून ठेवलेलं होतं" असं लिहिलं. ते पत्र मी 'तुला-मला' करून लिहिलं, तुझ्या ध्यानात आलं असेल. आपल्या बोलीत ते खोटं माझ्या हातून उतरतच नव्हतं. मनाले म्हटलं, यंदा पाणी कमी राहील, धान निघून जाईल, पुढं पाहू. तुझं वर्षभराचं पोट मी पावसाच्या भरवशावर सोडलं वं. आणि बुडाल्यावर तुलेच मर्यादा समजावून सांगितली.

पुणं सोडायच्या आधी एक काम केलं. कुसुमताई रिटायर होऊन राहिल्या होत्या. त्यांना म्हटलं, "ताई, तुमची ती रीत पुन्हा दाखवा." त्यांनी कुंडीतल्या साध्या धानाचं एक पान तोडलं. तीच पावडर, तेच गरम पाणी. फक्त शेवटी एक धुणं जास्त दिलं. म्हणाल्या, "तेव्हाच सांगणार होते, तू हसलीस म्हणून राहून गेलं." मी आकडा पाह्यला. एक पूर्णांक आठ. एका पानात. झाड कुंडीत उभंच होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रडली. कुसुमताईंना वाटलं त्या जाऊन राहिल्या म्हणून.

माफ कर असं लिहिण्याचं तोंड नाई. राखीच्या दुसऱ्या दिवशी येते. दार लावून घेतलं तरी चालेल.

तुझी भुजली


पवनी, ३० ऑगस्ट १९८८

परवा मी तुझ्या दारात उभी होती, आणि आज तुलेच ते लिहून सांगून राहिली. तिथं बोलता आलं नाई म्हणून.

खाटेखाली अंधारात टोपली ठेवून मी पवनीत भुजली वाढवली होती. गव्हाची, आपण लहानपणी वाढवायचो तशी. पिशवीत ती होती न रुमालात गुंडाळलेली काचेची नळी. तू बोडीवर गेली होती. अंगणात कुंताबाई सुपात तांदूळ पाखडून राहिल्या होत्या. सूप खाली ठेवलं नाई त्यांनी.

"आली का वं," म्हणाल्या. "पत्र पोचलं तुयं. रंभीनं वाचून दाखोलं साऱ्यांले."

मी पिशवीतून नळी काढून हातात धरली.

"त्यात कबूल कराचं का हाय पण? पार्सल फोडलं त्याच दिवशी आमाले दिसलं. सुनेनं दाना दातानं फोडला. बुडगी आतून लाल रायते. हे पांढरं निंगालं. मी म्हनलो, हे बुडगी नाई, बोडीत टाकू नको. टिकारामनं म्हनलं. कोनाचं आयकलं नाई तिनं."

"मग काहून पेरलं?" मी विचारलं.

"म्हने, भुजलीनं पाठोलं, तं बुडगीच हाय. तिच्या हातचं वापस करत नाई न त्याच्यावर शक घेत नाई. आठ दिस बोडीवर जाऊन उभी रायली. येईन वर, म्हने. थांबा, म्हने." सूप पुन्हा हलाले लागलं. "आता बोडी शिंगाड्याले देल्ली."

चार वर्षं मी असं समजत होती, की मी तुले फसवलं. फसवता तरी आलं असतं तर बरं होतं. वर्षभर त्या धानाचा धागा काढला, मिशी पाह्यली, टरफल पाह्यलं, आकडे लिहिले. दाणा दातानं फोडून एकदाही पाह्यला नाई. तू एका दाण्यात ओळखलं, आणि ओळखून पेरलं.

मग तू आली. लुगड्याचा काठ ओला, दोन्ही कानांवर पिवळे कोंब. गावातल्या बायांनी खोवले असतील. मी पिशवीतून माझे काढले, हात पुढं केला. तू मान वाकवली नाई. रागानंही पाह्यलं नाई. माझ्या दुसऱ्या हातातली नळी पाहून म्हटलं, "हे काय हाय?"

"बुडगी," मी म्हटलं. "तिचा धागा. एवढाच उरला."

तू नळी घेतली, उजेडात धरली. आत पांढरं, कापसाच्या तंतूसारखं, हललं. लय वेळ पाहत राह्यली तू. मले वाटलं, रडशील.

"हे उगवते का?"

"नाई."

तू नळी माझ्या हातात परत दिली. पदराले हात पुसले.

"बसा, कौशल्याबाई," म्हटलं. "च्या मांडतो."

सव्वीस वर्षांनी माझं नाव तुझ्या तोंडून ऐकलं. तू भांडली असती, टोपली अंगणात फेकली असती, तर मी पायरीवर बसून राह्यली असती, उठली नसती. पण तू बशी पण दिली. पाहुण्याले देतात तशी. साखर जास्त होती. मी सगळा चहा पिली न उठली, न तू "येत जा" म्हणाली.

जाताना बोडीवर गेली. शिंगाड्याच्या वेलीनं पाणी दिसत नव्हतं. वेल बाजूला करून माझी भुजली सोडली, माती धुऊन, हळूच. नळी पवनीत टेबलावर आहे. तिचं काय करायचं मले समजत नाई.

तू नाव घेतलं ते बरोबरच केलं. तुझा हक्क होता. पण मी तुझं घेणार नाई, जिवंत आहे तोपर्यंत. पाकिटावर यावेळीही टिकाराम भाऊजींचंच नाव आहे.

कौशल्या